२३ सप्टेंबरला गाडी कुठे होती?

रविवारी सकाळी साडेनऊला तो आला. चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला, बसायलाही नको म्हणाला. मुलगी पाहायला आलेली माणसंसुद्धा निदान पोहे संपेपर्यंत इकडतिकडचं बोलतात. हा सरळ पोर्चमध्ये गेला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, सीटबेल्ट हातात धरला आणि ओढत सुटला. पट्टा पार संपेपर्यंत ओढला. मग त्याचं शेवटचं टोक, जे सोळा वर्षांत मीसुद्धा कधी पाहिलेलं नव्हतं, नाकाशी नेऊन हुंगलं.

"काकाजी," पट्टा तसाच ताणून धरत तो म्हणाला, "तेवीस सप्टेंबरले गाडी कुठी होती?"

मला क्षणभर वाटलं, हा गिऱ्हाईक नसून साध्या वेशातला पोलीस असावा.

नागपूरबाहेरच्या वाचकाला ही तारीख समजावून सांगावी लागेल, नागपुरात तशी गरज नाही. २०२३ च्या त्या पहाटे शहरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी, जिला नदी म्हणताना आम्ही एरवी थोडे लाजतो, त्या दिवशी आपल्या नावाला जागली. माणसं गेली, घरातलं किडुकमिडुक वाहून गेलं. त्या कल्लोळात गाड्यांचा हिशेब कुणी केला नाही आणि ते बरोबरच झालं. पण अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या काचांपर्यंत पाण्यात होत्या. पुढे त्यांतल्या काही धुतल्या गेल्या, वाळवल्या गेल्या, आत चमेलीचा वास मारून बाजारात आल्या. तेव्हापासून आमच्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस आधी किलोमीटर विचारत नाही, तारीख विचारतो. सीटकव्हर बदलता येतं, खालचा गालिचा नवा टाकता येतो. सीटबेल्टचं आत गुंडाळलेलं टोक मात्र कुणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ तशीच राहते.

आमच्या पट्ट्यावर रेघ नव्हती. कारण त्या रात्री गाडी वर्ध्याला होती.

त्या वर्षी महालक्ष्म्या २१ तारखेला बसल्या, २२ ला पूजा आणि जेवण, २३ ला उठायच्या. मोठ्या भावाकडे असतात त्या. आम्ही सगळे गाडी घेऊन तिकडे गेलेलो. सकाळी फोनवर नागपूरची चित्रं पाहून वहिनीने आम्हाला दुपारपर्यंत निघू दिलं नाही, आणि निघताना ज्वारीच्या आंबिलीचा डबा बांधून दिला. तो बुटीबोरीच्या अलीकडे मागच्या सीटखाली कलंडला. तेव्हापासून मे महिन्यात गाडी दोन दिवस बंद राहिली की दार उघडताच एक आंबूस भपकारा येतो. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

"अंदर आंबूस वास येऊन राह्यला," तो म्हणाला.

"ती आंबील आहे," मी म्हणालो. "महालक्ष्म्यांची. तेवीस सप्टेंबरचीच."

बोललो आणि आपण काय बोललो ते माझ्या कानांनी ऐकलं. गुन्हेगार नेमके असेच सापडत असावेत. त्याने पट्टा हळूच सोडला. तो सुर्रकन आत गेला, आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही गेटबाहेर गेलं.

गाडीचं नाव सांगत नाही. या वयात तिची बदनामी नको. पाच दारांची लहान गाडी, पेट्रोल, डिसेंबर २००९ ची पासिंग, एमएच ३१, किलोमीटर एकाहत्तर हजार, आणि मालक पहिल्यापासून मीच. जाहिरातीत हे सगळं लिहिल्यावर मेव्हण्याने सुचवलं, "भाऊजी, 'डॉक्टरची गाडी' टाका." मी बँकेत होतो. पण जुन्या गाड्यांच्या जाहिरातींतल्या सगळ्या डॉक्टरांची बेरीज केली तर तेवढे डॉक्टर मेडिकल आणि मेयो ही आमची कॉलेजं मिळूनही बाहेर पडले नसतील. शेवटी 'सिंगल हँड' एवढंच ठेवलं. तेही पुढे खोटं ठरलं, पण ते नंतर सांगतो.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक लेख छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता, आणि पहिला नकार आला तेव्हा गृहस्थ भारतात मुक्कामाला होते. पुढे २००१ मध्ये या विषयावरच्या कामाला नोबेल मिळालं. म्हणणं साधं आहे. गाडीची खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. ज्याची गाडी खरंच चांगली आहे तो म्हणतो, या भावात विकण्यापेक्षा घरी ठेवतो. तो गेला की बाजारात खोटेल गाड्यांचं प्रमाण वाढतं, भाव आणखी उतरतो, मग उरलेल्यांतल्या बऱ्या गाड्याही घरी जातात. अशा खोटेल गाडीला अमेरिकेत लिंबू म्हणतात.

आपल्याकडे लिंबू गाडीला टांगतात, नवी असली तर चाकाखाली चिरडतात. गाडी स्वतःच लिंबू निघाली तर काय करायचं, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. बरं, आमचं गाव संत्र्याचं. समोरचे भाऊसाहेब कळमन्याला जाऊन संत्री आणतात तेव्हा रंगाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल, वरून गोंडस दिसणारं फळ आत कोरडं निघू शकतं. म्हणून ते प्रत्येक फळ तळहातावर झेलतात, वजन बघतात, ओठ मुडपतात आणि अर्धी टोपली परत ठेवतात. असा माणूस आमच्या गाडीकडे पाहून म्हणाला, "छानच आहे की. रंग तर नव्यासारखा." संत्र्याला तासभर आणि गाडीला एवढंच!

अकेरलॉफसाहेबांचं एक गृहीतक मात्र आमच्या पोर्चमध्ये टिकलं नाही. विकणाऱ्याला आपल्या गाडीची सगळी माहिती असते, असं ते धरून चालले.

दुसरं गिऱ्हाईक आलं ते आपला मिस्त्री घेऊन. पायांत स्लिपर, खिशात टेस्टर, तोंडात खर्रा. त्यामुळे तो बोलत नव्हता, फक्त बघत होता. रंग पाहिला नाही, सीट पाहिल्या नाहीत. बोनेट उघडून बिजागरीच्या बोल्टांवर अंगठा फिरवला. बोल्टाच्या कोपऱ्यावरचा रंग उडालेला असेल तर तिथे पाना लागलेला असतो, म्हणजे बोनेट कधीतरी उतरलेलं असतं. मग दाराची रबरी पट्टी थोडी उपसून आतली पेस्टिंग नखाने दाबून पाहिली. कारखान्यातली पेस्टिंग एकसारखी असते आणि ठोकून सरळ केलेल्या दाराची ओबडधोबड, हे मला त्याच्या मालकाने समजावलं. इंजिन चालू ठेवून त्याने ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. आपल्या आजारपणात डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतो तसा मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने मान डोलावली. मला उगाच माझ्याच प्रकृतीबद्दल हायसं वाटलं.

टायरवरचे चार आकडे त्याने वाचले. ३२१९, म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. सोळा वर्षं गाडी चालवून हे आकडे म्हणजे साइज असावी, अशी माझी समजूत होती.

मग तो मागच्या उजव्या दाराशी थांबला, बाजूला जाऊन थुंकून आला, म्हणजे आता बोलणार.

"हे काच बदलली."

"शक्य नाही," मी म्हणालो. "गाडी माझ्याशिवाय कोणी चालवलेली नाही. सिंगल हँड आहे."

त्याने काचेच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली. बाकीच्या तिन्ही दारांच्या काचांवर सालाचा आकडा ९ होता, ठिपक्यांच्या शेजारी. या काचेवर ४.

"चौदा सालची काच आहे जी. कोन फोडली?"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तुळशीकडे बघायला लागली. तुळशीत त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी घरात जी चौकशी झाली तिचा वृत्तांत थोडक्यात देतो. २०१४ च्या उन्हाळ्यात मी आठवडाभर मुंबईला ट्रेनिंगला होतो. मेव्हणा तेव्हा नुकता गाडी शिकलेला, म्हणजे त्याच्या मते शिकलेला. गाडी मागे घेताना गेटच्या खांबाशी गाठ पडली. मी यायच्या आत काच बसली, दार ठोकून झालं, रंग मारून झाला. हिला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, आणि जे जास्त जिव्हारी लागलं ते असं की माझ्या आईलाही माहीत होतं. ती त्याच महिन्यात मला म्हणाली होती, "तुझा साळा मोठा गुणी आहे बरं." तेव्हा मला त्याचा संदर्भ लागला नव्हता. आणि हाच गुणी साळा मला 'डॉक्टरची गाडी' लिहा म्हणत होता.

अकेरलॉफने विकणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष धरले. विकणाऱ्याची बायको धरली असती तर नोबेल कदाचित लवकर मिळालं असतं.

यातली गंमत पुढे आहे. जे खोटं होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि जे खरं होतं ते मी सांगितलं की कुणाला पटत नव्हतं. आंबिलीचं झालंच. बोनेटचंही तेच. आमच्या बोनेटवर एक तिरपी रेघ आहे. तिच्या अलीकडचा लाल रंग गडद, पलीकडचा फिका, पापुद्रे सुटलेला. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, अर्धं बोनेट रंगवलेलं दिसतं, पुढून ठोकली असणार. वास्तविक ती सज्जाच्या सावलीची रेघ आहे. पोर्च गाडीपेक्षा दीड हात आखूड. सोळा उन्हाळे तेवढं तोंड बाहेर राहिलं. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, त्या वर्षी डॅशबोर्डला पहिली चीर पडली. मी एका गिऱ्हाइकाला दुपारी दोनला मुद्दाम बोलावून सावली रेघेवर येते की नाही ते दाखवायचं ठरवलं. सावली चार बोटं सरकलेली होती. सूर्याची जागा महिन्यागणिक बदलते, ही गोष्ट त्या वेळी मला आठवली पण सांगवेना.

एक मात्र नागपूरच्या गाडीच्या बाजूने बोललं पाहिजे. मुंबईची गाडी खालून जाते, नागपूरची वरून. समुद्रकाठची खारी हवा तळाचा पत्रा खाते, दारांच्या कडा पोखरते, आणि वरून गाडी कशी चकचकीत! आमच्याकडे ऊन छताचा रंग खातं, रबर कडक करतं, वायपरच्या पट्टीची सुकी शेंग करतं. पण खाली वाकून पाहिलं तर पत्रा खणखणीत. मुंबईच्या नंबरची गाडी स्वस्त मिळते म्हणून इथले लोक भुलतात, आणि जाणते मिस्त्री आधी चटईखाली हात घालतात. आमच्याकडे आलेल्या त्या मिस्त्रीने तळावर टेस्टरचा दांडा वाजवला तेव्हा टणटण आवाज आला. त्या दिवशी गाडीची झालेली ती एकुलती एक जाहीर स्तुती.

किमतीचं म्हणाल तर, निदान विमा कंपनीपाशी तरी एक पक्का आकडा असेल अशी माझी बँकेतली श्रद्धा होती. तिथे कोष्टक असतं. गाडी वर्षाची होईपर्यंत पंधरा टक्के घट, मग वीस, तीस, चाळीस, आणि पाच वर्षांची होईपर्यंत पन्नास. छान पायऱ्या आहेत, तिजोरीच्या खोलीत उतरल्यासारखं वाटतं. पण पाचव्या वर्षी जिना संपतो. पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची, असा नियम आहे. म्हणजे खालचा मजला अंधारात. मी एजंटला फोन केला, "किती धरायची?" तो म्हणाला, "तुम्ही सांगा ना सर." गेली अकरा वर्षं माझ्या गाडीची सरकारमान्य किंमत मीच सांगत होतो आणि हप्ता जास्त नको म्हणून कमी सांगत होतो. आता विकताना तोच कागद माझ्यापुढे नाचवला जात होता.

दुसरा कागद नोंदणीचा. पंधरा वर्षं झाली की गाडीची पुन्हा तपासणी करून पाच वर्षं वाढवून मिळतात. त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर. गिरीपेठच्या आरटीओत गाडी रांगेत उभी केली तेव्हा पुढेमागे सगळ्या तिच्याच वयाच्या होत्या. हयातीचा दाखला द्यायला बँकेत पेन्शनर यायचे, त्याची आठवण झाली. दिवे लागतात का, हॉर्न वाजतो का, ब्रेक धरतो का. तिचं सगळं झालं. २०२९ पर्यंत जगायला परवानगी मिळाली. पुढे नव्या नंबरप्लेटा सक्तीच्या झाल्या, तेव्हा त्याही बसवल्या. त्या अंगावर अशा चमकतात की म्हाताऱ्याने नवी कवळी लावून हसावं.

भाऊसाहेबांना या सगळ्या घासाघिशीचा राग यायचा. त्यांच्या तरुणपणी जुनी गाडी म्हणजे दागिना. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे आज हातात मिळणारी जुनी ही कधीतरी मिळणाऱ्या नवीपेक्षा महाग असे. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. भाऊसाहेबांच्या साहेबांना ती मिळाली तेव्हा गाडी दारात यायच्या आधीच दोघे जण वर पैसे द्यायला तयार होते. जानेवारी २०१४ मध्ये ८०० बनणं बंद झालं, त्या दिवशी भाऊसाहेबांनी जेवताना शब्द काढला नाही, असं वहिनी सांगतात. त्यांच्याकडे ती कधीच नव्हती. गाडीच्या किमतीत तिच्यासाठी थांबण्याचाही काही हिस्सा असावा. आमच्या गाडीसाठी कुणी थांबलं नाही, मी स्वतःही नाही. शोरूमच्या अंगणात चार रंगांत उभी होती, त्यातली लाल मुलीने दाखवली.

सांगितली एक लाख दहा हजार. एक जण साठ म्हणाला, मिस्त्रीवाला बहात्तर. भंगारवाल्याने न विचारता किलोचा भाव सांगितला. शेवटी हिंगण्याच्या कारखान्यात कामाला असलेला एक पोरगा बायकोला घेऊन आला. तिला लवकरच सातवा लागणार होता, दुचाकीवर बसायचं नव्हतं. त्याने सीटबेल्ट हुंगला नाही. ती मागे बसली आणि म्हणाली, "आंबिलीसारखा वास येऊन राह्यला, नाही?"

पंचाऐंशी हजारांत दिली. त्यांनी ऐंशी म्हटलं असतं तरी दिली असती, हे बायकोला आजतागायत सांगितलेलं नाही. माहितीच्या बाबतीत मलाही एवढा हक्क आहेच.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पूर्ण भरून, कोऱ्या नव्हे, कारण नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत गाडी आपलीच. किल्ली देताना मी सांगायला सुरुवात केली. डाव्या पुढच्या काचेला वर जाताना तळहाताचा आधार द्यावा लागतो. थंडीत तिसरा गिअर पहिल्यांदा नाही म्हणतो, दुसऱ्यांदा विचारायचं. एसी सुरू केला की आधी धूळ येते, नंतर गार हवा. डिक्की लागल्याचा आवाज येतो तेव्हा ती लागलेली नसते. पोरगा ऐकत होता, त्याची बायको फोनवर लिहून घेत होती. घरातली मंडळी मला गप्प करायला खुणा करत होती. सौदा झाल्यावर का होईना, गाडीबद्दल मला बरंच काही माहीत निघालं.

पुढच्या रविवारी आम्ही आमच्यासाठी गाडी पाहायला गेलो. बजाजनगरात एक गृहस्थ विकणार होते. पाच वर्षांची, पांढरी, नीट झाकून ठेवलेली. त्यांच्या पत्नीने पोहे केले होते. मी नको म्हणालो, चहाही नको म्हणालो. दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि संपेपर्यंत ओढला.

"तेवीस सप्टेंबरला गाडी कुठे होती?"

"अमरावतीला," ते लगेच म्हणाले. "साळ्याकडे. त्यांच्या महालक्ष्म्या असतात ना."

मी मान डोलावली, हसलो, आणि मागच्या सीटखाली हात घातला.